मॉन्टी पायथनचा चौथा सीझन बघावा की सोडावा?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: ‘मॉन्टी पायथन्स फ्लाइंग सर्कस’ हा बीबीसीचा जुना विनोदी स्किटांचा शो तुम्ही पहिल्या भागापासून ओळीने बघायला घेतला. पहिल्या दोन सीझनना पोट धरून हसलात. तिसऱ्यात मधेमधे हात मोबाइलकडे जायला लागला. आणि आता थोरला भाऊ सांगतोय, की शो लिहिणाऱ्या आणि करणाऱ्या सहा जणांपैकी जॉन क्लीझ सोडून गेल्यानंतरचे सहा भाग म्हणजे निव्वळ भरताड, त्यांच्या नादी लागू नकोस. शो घसरला की आपणच सरावलो, हे तुम्हाला कळत नाहीये.

मी गेली अठरा-वीस वर्षं टीव्हीसाठी विनोदी स्किटं लिहितो, आणि त्याहून जास्त वेळ दुसऱ्यांनी लिहिलेली स्किटं कापत बसतो. त्या अनुभवावर सांगतो: शो घसरला, हे खरं आहे. पण तुमचा भाऊ म्हणतो तिथे नाही, आणि तो म्हणतो त्या कारणाने तर नाहीच.

आधी तुमच्या बघण्याबद्दल, कारण बरंचसं त्यावर अवलंबून आहे. एकूण ४५ भाग. पहिले तीन सीझन तेरा-तेरा भागांचे, चौथा सहाचा. पहिला भाग बीबीसीवर ५ ऑक्टोबर १९६९ ला लागला, शेवटचा ५ डिसेंबर १९७४ ला. म्हणजे ज्यांच्यासाठी हे लिहिलं, त्यांनी ते पाच वर्षांत पाहिलं, आठवड्याला अर्धा तास या हिशेबाने. दुसऱ्या आणि तिसऱ्या सीझनच्या मध्ये तर जवळजवळ दोन वर्षं गेली होती. तुम्ही रोज रात्री तीन-तीन भाग संपवताय. अशा वेगाने कुठल्याही विनोदाची नस चौथ्या-पाचव्या दिवशी सापडते, आणि नस सापडली की मजा निम्म्यावर येते. हा दोष शोचा नाही, तुमचाही नाही, पण तो हिशेबात धरायला हवा.

दुसरी गोष्ट आपल्या हातातच नाही. त्या वेळच्या ब्रिटिश घरात तीन चॅनेल दिसायचे. निवेदकाचा भारदस्त आवाज, बीबीसीचा फिरणारा पृथ्वीगोल, टेबलामागून प्रश्न विचारणारा सूटबूटवाला, हे सगळं रोजच्या पाहण्यातलं. पायथनवाले नेमकं तेच पळवून नेत होते. क्लीझ डिनर जॅकेट घालून कुठल्यातरी भलत्याच जागी टेबल मांडून बसायचा आणि अत्यंत गंभीर चेहऱ्याने पुढची घोषणा करायचा. श्रेयनामावली मधेच यायची. तेव्हाच्या माणसाला क्षणभर वाटायचं की टीव्ही बिघडला. आपल्याला तसं वाटूच शकत नाही. ज्याची टिंगल चाललीय तो गंभीर कार्यक्रमच आपण पाहिलेला नाही, त्यामुळे आपल्यापर्यंत अर्धा विनोद पोचतो, आणि तो अर्धा लवकर शिळा होतो.

पण एवढ्यावर तुमचं शंकासमाधान करून टाकलं तर ती पळवाट होईल. तिसऱ्या सीझनमध्ये खरंच काहीतरी सैल झालंय. ते काय, हे मला कळलं ते माझ्याच एका शिडीमुळे.

एका स्किट शोसाठी मी कोर्टाचं दृश्य लिहिलं होतं. वकिलाचा युक्तिवाद ऐन रंगात आलाय. उजव्या दारातून एक माणूस खांद्यावर शिडीचं पुढचं टोक घेऊन येतो, कोणाकडेही न बघता सेट ओलांडतो आणि डाव्या दारातून निघून जातो. शिडी मात्र संपतच नाही. ती सरकत राहते, वकील बोलत राहतो, न्यायाधीश मान जरा तिरकी करून तिच्यावरून बघत राहतात. अखेर शिडीचं शेपूट येतं, आणि ते धरून आत येतो तोही तोच माणूस. पहिल्या रेकॉर्डिंगला हशा इतका लांबला, की वकिलाच्या नटाला पुढची चार वाक्यं पुन्हा घ्यावी लागली. चॅनेल खूश. ‘शिडीवाला दर भागात पाहिजे.’ आम्ही दिला. हॉस्पिटलात दिला, मुलाखतीत दिला, लग्नात दिला. सहाव्या रेकॉर्डिंगला दारात शिडीचं नुसतं टोक दिसलं आणि प्रेक्षकांनी टाळ्या वाजवल्या. निर्माता माझ्याकडे बघून अंगठा वर करत होता आणि माझ्या पोटात गोळा आला होता. कारण लोक हसले नव्हते, त्यांनी शिडीला ओळखलं होतं. नवव्या भागात टाळ्याही नव्हत्या.

घरगुती विनोदी मालिकेत ओळख हेच भांडवल असतं. तिरसट सासऱ्याने तिरसटपणाच करावा म्हणून लोक टीव्ही लावतात. ॲब्सर्ड, म्हणजे तर्क सोडून चालणाऱ्या, विनोदात मात्र ओळख वाढली की गल्ल्यातून पैसे जायला लागतात. नियम मोडण्यात गंमत आहे ती कधी मोडणार हे ठाऊक नसेल तोवरच.

पायथनवाल्यांना हे माझ्या कितीतरी आधी उमगलं होतं. दुसऱ्या सीझनचा दुसरा भाग, २२ सप्टेंबर १९७० चा, पुन्हा लावून बघा. बोलता बोलता एकाच्या तोंडून निघतं, की स्पॅनिश इन्क्विझिशन (पाखंडी लोकांना छळणारं जुन्या स्पेनमधलं चर्चचं न्यायालय) येईल असं काही मला वाटलं नव्हतं, आणि दार धाडकन उघडून लाल झग्यातले तीन धर्माधिकारी आत. पहिल्यांदा दचकून हसू येतं. दुसऱ्यांदा ते एका म्हातारीला पकडतात आणि छळ म्हणून तिला मऊ उशा टोचतात, आरामखुर्चीत बसवतात. इथे हसू येतं ते प्रवेशाला नाही, छळाच्या साधनांना. मग तिसरी वेळ, भागाच्या अगदी शेवटी. कोर्ट भरलंय. कोणीतरी तेच वाक्य बोलतं. सगळं कोर्ट माना वळवून दाराकडे बघतं. दार बंदच. कट करून दाखवतात तर ते तिघे बस पकडायला धावताहेत, आणि पडद्यावर श्रेयनामावली सुरू झालेली! नावं सरकताहेत तसतशी त्यांची घालमेल वाढते. धापा टाकत कोर्टात पोचतात, ठरलेलं वाक्य अर्धं बोलतात, आणि ‘समाप्त’ची पाटी. तिसऱ्या वेळी प्रेक्षक वाट बघत बसणार हे गृहीत धरूनच तो प्रवेश लिहिलाय. सरावलेल्या प्रेक्षकाच्या सरावालाच कामाला लावलंय. शिडीवाल्याच्या वेळी मला हे सुचलं असतं तर बरं झालं असतं.

आता याच्या दोन वर्षांनंतरचा भाग घ्या, तिसऱ्या सीझनमधला तिसरा, २ नोव्हेंबर १९७२ चा. पैसे देऊन वाद घालायचं ऑफिस. पाच मिनिटांच्या वादाला एक पौंड, दहा वादांचा कोर्स घेतला तर फक्त आठ. गिऱ्हाईक म्हणतं, याला वाद म्हणत नाहीत, तुम्ही नुसतं माझ्या उलट बोलताय. समोरचा म्हणतो, नाही. इतकं चोख स्किट आहे की कात्री घेऊन बसलो तरी मला त्यात कापायला ओळ सापडत नाही. पण त्याचा शेवट नीट बघा. पंच, म्हणजे हशा आणणारी शेवटची ओळ, नाही, म्हणून एक पोलीस अधिकारी आत घुसतो आणि विचित्र स्किट केल्याबद्दल सगळ्यांना अटक करतो. पाठोपाठ दुसरा अधिकारी येतो. त्याचा आरोप असा, की तुम्ही लोक दर स्किट पोलीस आत आणून संपवता. हे बोलता बोलता त्याच्या लक्षात येतं की आपण स्वतः कोण आहोत, आणि तेवढ्यात त्याच्या खांद्यावर तिसऱ्याचा हात पडतो.

मला हा हात फार महत्त्वाचा वाटतो. शो घसरला, तोच तोपणा आला, ही तक्रार चाहत्यांनी नंतर काढलेली नाही. ती शोने स्वतःच स्वतःवर केली, चालू भागात, क्लीझ समोर उभा असताना. ती विनोदी करून सांगितली हे त्यांचं कसब. पण आम्ही लेखक असे विनोद कधी करतो ते मला माहीत आहे: शेवट सुचत नसतो तेव्हा. ‘आम्हाला शेवट सुचत नाही’ हाच शेवट एकदा मस्त चालतो. दुसऱ्यांदा बरा. तिसऱ्या सीझनमध्ये तो बऱ्याच वेळा आलाय, आणि तुमचा हात मोबाइलकडे गेला तो बहुधा अशाच जागी.

क्लीझचं स्वतःचं मतही पुढे तेच पडलं. तिसऱ्या सीझनमध्ये आपण आपलीच जुनी स्किटं फिरवून लिहितोय, असं त्याला वाटत होतं. त्याला नवीन वाटली ती दोनच: चीजचं दुकान आणि डेनिस मूर हा दरोडेखोर. (चीजचं दुकान मला तर पहिल्या सीझनमधल्या मेलेल्या पोपटाच्या स्किटचं सख्खं भावंड वाटतं. पुन्हा काउंटर, पुन्हा गिऱ्हाईक, पुन्हा नन्नाचा पाढा. लेखकाला स्वतःचं काय नवं वाटेल, काही नेम नाही.) म्हणजे क्लीझ गेला म्हणून शो घसरला हे उलटं झालं. घसरतोय असं वाटलं, हे त्याच्या जाण्यामागचं एक कारण होतं.

मग त्याच्या जाण्याने काहीच फरक पडला नाही का? पडला, आणि मोठा पडला. चेहरा गेला हे सगळ्यांना दिसतं. लिहिण्याच्या टेबलावरची एक बाजू गेली, ते पटकन दिसत नाही. सहा जणांत लिहिण्याच्या जोड्या ठरलेल्या होत्या. क्लीझ आणि ग्रॅहम चॅपमन एकत्र लिहायचे. मायकेल पेलिन आणि टेरी जोन्स एकत्र. एरिक आयडल एकटा, त्याचा जीव शब्दांच्या खेळात. आणि टेरी गिलियम कागदी चित्रं कापून हलवायचा आणि एका स्किटमधून दुसऱ्यात जायला वाट करून द्यायचा. पेलिन-जोन्स यांचं लिखाण वाहतं, एका चित्रातून दुसऱ्या चित्रात जाणारं. क्लीझ-चॅपमन यांचं मात्र भांडणाचं.

पोपटाचंच बघा. मूळ गोष्ट पेलिनच्या गॅरेजवाल्याची. गाडीबद्दल कसलीही तक्रार न्या, तो म्हणणार असं होऊच शकत नाही. क्लीझ आणि चॅपमनने त्यावरून पायथनच्या आधी, एका वेगळ्या कार्यक्रमासाठी, गाडी विकणाऱ्याचं स्किट लिहिलं. पोपट त्यात नंतर आला, आणि ७ डिसेंबर १९६९ ला तो टीव्हीवर मेलेल्या अवस्थेत दाखल झाला. म्हणजे वेडेपणा वरून चढवलेला आहे. खाली एक साधं, पायरी पायरीने चढत जाणारं गिऱ्हाइकाचं भांडण आहे. वस्तू खराब निघाली, दुकानदार कबूल करत नाही. आपल्या भाषेत बोलायचं तर त्या दुकानात पोपट दोघांचा झालेला असतो, एक पिंजऱ्यातला आणि एक काउंटरपुढे उभा असलेला.

मी नव्या लेखकांची स्क्रिप्टं वाचताना हीच चाचणी लावतो. मध्यंतरी एका मुलाने स्किट आणलं होतं. पोस्टाच्या काउंटरवर कारकून म्हणून ऑक्टोपस. आठ हात, आठ शिक्के, कागद उडताहेत. वाचताना तो स्वतःच हसत होता. मी विचारलं, ‘ऑक्टोपस काढून टाक. आता गिऱ्हाइकाला काय पाहिजे?’ तो गप्प. मग म्हणाला, ‘तिकीट?’ मी म्हटलं, ‘आणि ते त्याला का मिळत नाही?’ त्याचं उत्तर त्याच्याकडे नव्हतं. दोन मिनिटांच्या स्किटमध्ये ऑक्टोपस पंधरा सेकंद चालतो. उरलेला पावणेदोन मिनिटांचा भार भांडणाला उचलावा लागतो.

वेडेपणाला आपटायला भिंत लागते. क्लीझ ती भिंत होता: उंच, कोटटायमधला, जगाने शिस्तीत चालावं म्हणून तळमळणारा आणि ते चालत नाही म्हणून लाल होणारा. चौथ्या सीझनमध्ये कल्पना कमी पडलेल्या नाहीत. कल्पनांवर चिडणारा माणूस कमी पडलाय. तोच संताप क्लीझने १९७५ मध्ये एका हॉटेलात कोंडला आणि ‘फॉल्टी टॉवर्स’चे अवघे बारा भाग केले, तेही दोन हप्त्यांत, १९७५ आणि १९७९. तिथे कागदी चित्रं नाहीत, मेलेले पोपट नाहीत, नुसतं भांडण आहे. तो ॲब्सर्ड शो नाही, पण पोपट काढून टाकल्यावर काय उरतं ते तिथे बघायला मिळतं.

आता ते सहा भाग. ३१ ऑक्टोबर १९७४ पासून बीबीसी टूवर लागले, नावातली ‘फ्लाइंग सर्कस’ गळून नुसतं ‘मॉन्टी पायथन’ राहिलं. यातल्या बऱ्याच भागांत सुट्या स्किटांऐवजी एकच गोष्ट लांबवर चालवायचा प्रयत्न आहे. त्याची सुरुवात क्लीझ असतानाच झाली होती. तिसऱ्या सीझनमधला सायकल सहलीचा आठवा भाग मुख्यतः पेलिन-जोन्स यांनी लिहिलेला, आणि तो अथपासून इतिपर्यंत एकच गोष्ट आहे. मला तो त्या सीझनमधला सगळ्यात ताजा भाग वाटतो, तुम्हाला कंटाळा आला असेल तर पुन्हा बघा. चौथ्यात ती वाट त्यांनी पुढे नेली. कुठे जमलं, कुठे नाही. ‘मिस्टर न्यूट्रॉन’ची कल्पना झकास आहे. जगातला सगळ्यात धोकादायक माणूस लंडनच्या उपनगरात गुपचूप संसारी शेजाऱ्यासारखा राहतोय आणि अमेरिकी लष्कर त्याला शोधत जगभर बॉम्ब टाकतंय. पण त्याच्या समोर उभं राहून चिडणारं कोणी नाही, म्हणून गोष्ट मधेच बसते. याउलट तिसऱ्या भागात एक खानदानी कुटुंब नुसतं बसून ठरवतं, कुठला शब्द लाकडासारखा वाजतो आणि कुठला पत्र्यासारखा. चॅपमन त्यात बाप आहे, आणि एकेक लाकडी शब्द तो असा चघळतो की इंग्रजी येवो न येवो, हसू येतं.

आणि ‘मायकेल एलिस’. हा दुसरा भाग मी लिहायला बसणाऱ्या प्रत्येकाला दाखवतो. एक माणूस मोठ्या डिपार्टमेंट स्टोअरमध्ये मुंगी विकत घ्यायला येतो. ती पाळायची म्हणून. विक्रेते तिची किंमत, जात, सवयी अत्यंत गांभीर्याने समजावतात. यात पुन्हा काउंटर आहे आणि पुन्हा गिऱ्हाईक, आणि ते सहज नाही: यातला बराच मजकूर पायथनवाल्यांच्याच ‘होली ग्रेल’ सिनेमाच्या सुरुवातीच्या खर्ड्यातून आलेला आहे, क्लीझ-चॅपमन यांच्या हातचा. क्लीझ पडद्यावर नाही पण कागदावर आहे. त्या भागाच्या शेवटी तो माणूस स्टोअरच्या ‘शेवट’ विभागात पोचतो. तिथे कार्यक्रम संपवायचे निरनिराळे प्रकार विक्रीला आहेत. सूर्यास्ताकडे चालत जाणं, पाठलाग, गोड शेवट. एकेक नमुना दाखवला जातो. मग विक्रेता म्हणतो, की अचानक संपणाराही आहे, आणि भाग संपतो. दोन वर्षांपूर्वी जे पोलिसाला आत पाठवून पार पडत होतं, त्याचाच इथे अख्खा प्रवेश केलाय. रोग तोच. यावेळी त्यावर बसून विचार झालाय.

हे भाग क्लिपांमधून चाखायला जाऊ नका. १९७५ मध्ये अमेरिकेच्या एबीसी या नेटवर्कने नेमके हेच सहा भाग घेतले, तीन-तीन जोडून नव्वद मिनिटांचे दोन कार्यक्रम केले, आणि पहिल्यातून जाहिराती वगैरेंसाठी २४ मिनिटं कापली. पायथनवाले कोर्टात गेले. १९७६ च्या निकालात अपील कोर्टाने त्यांची बाजू घेतली. स्किट ज्या टोकाकडे चढत जात होतं ते टोकच गाळलं गेलं, असं कोर्टाने नोंदवलंय. स्किट कापण्यावर पोट असलेल्या माणसाने तो निकाल वाचावा म्हणजे झोप उडते. पहिल्या सीझनमधला पोपट सुटा उचलता येतो, मुंगी येत नाही.

भावासाठी एक मुद्दा राहिला. पहिल्या सीझनमध्येही पडेल स्किटं भरपूर आहेत. ती कोणाला आठवत नाहीत, कारण ती क्लिप करून कोणी पुढे पाठवत नाही. ‘पूर्वीचं किती छान होतं’ म्हणताना आपण पहिल्या सीझनमधली गाजलेली पाच स्किटं आणि चौथ्याचे अख्खे सहा भाग यांची तुलना करतो.

तेव्हा आता चार-पाच दिवस पायथन बंद ठेवा. मग सायकल सहलीचा भाग बघा. दुसऱ्या दिवशी ‘मायकेल एलिस’, आणि त्या दिवशी आणखी काही नाही. तो आवडला तर उरलेले पाच आठवड्याला एक असे घ्या. शेवटचा, निवडणूक-प्रचाराच्या नावाचा भाग थकलेला आहे. त्यात मजा शोधायची तर श्रेयनामावलीत शोधा, लेखकांमध्ये पुढे ‘हिचहायकर्स गाइड’ लिहिणाऱ्या डग्लस ॲडम्सचं नाव दिसेल. ‘एलिस’ नाही आवडला तर खुशाल सोडून द्या आणि ‘होली ग्रेल’ लावा. १९७५ चा तो सिनेमा म्हणजे सहाही जण पुन्हा एकत्र, भिंतीसकट.

आणि भावाला एकदा विचाराच, की त्याने ते सहा भाग पाहिलेत का. क्लीझनंतर काही राम नाही असं ठासून सांगणारे मला बरेच भेटलेत. मुंगीचं नाव काढलं की त्यातले बहुतेक विचारतात, कुठली मुंगी?